गॅरेज शोधताय? आधी फक्त ऑइल बदलायला जा

वॉरंटी संपत आली की गाडीवाल्यांची चर्चा सुरू होते: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जात राहायचं की बाहेरचं गॅरेज बघायचं? माझं मत ठाम आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक, कूलंट या नेहमीच्या कामांना चांगलं बाहेरचं गॅरेजच बरं. ज्याच्या हातून गाडीचं काम होतं त्याच्याशी तिथे थेट बोलता येतं, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त गॅरेज शोधायचं ते गाडी धड चालत असताना. टो करून न्यायची वेळ आली की निवडायला काही उरत नाही.

म्हणून पहिल्या खेपेला ऑइल बदलायलाच जा. काम छोटं, पण त्यात माणूस कळतो. कोणतं ऑइल टाकणार, असं विचारा. जाणकार मेकॅनिक आधी गाडीचं मॉडेल आणि इंजिन विचारेल, मॅन्युअल बघेल. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० वरून ऑइल किती पातळ किंवा घट्ट आहे एवढंच कळतं. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या गाडीला कमी राख होणारं ऑइल लागतं, आणि ते डब्यावरच्या वेगळ्या मानांकनावरूनच ओळखावं लागतं. 'सगळ्या गाड्यांना हेच चालतं' असं उत्तर आलं तर मी तिथे गाडी देणार नाही.

मग खाली ड्रेन प्लगकडे, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या बोल्टकडे बघा. जुना वॉशर काढून नवा घातला का? प्लग आधी बोटांनी आट्यांत बसवला की थेट गन (मशीनचा पाना) लावली? बऱ्याच इंजिनांची ऑइल सम्प, म्हणजे प्लग बसतो ते ऑइलचं भांडं, ॲल्युमिनियमची असते. आटे गेले की साध्या सर्व्हिसचं मोठं काम होऊन बसतं.

चाकं काढली असतील तर परत लावताना जवळ उभे राहा. नीट काम करणारा नट हाताने फिरवून बसवतो, मग एक सोडून समोरचा असे आळीपाळीने आवळतो. गाडी जॅकवरून खाली आली की टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला आवळणारा पाना) लावतो आणि प्रत्येक नटावर 'टक्' असा आवाज येतो. ज्याला घाई असते तो गन लावून करकचून आवळतो. त्याने स्टड ताणले जातात, कधी ब्रेक डिस्कवर असमान ताण येतो, आणि रस्त्यात पंक्चर झालं की आपल्या पान्याने तो नट हलत नाही.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी खूण म्हणजे 'आत्ता गरज नाही' हे वाक्य. नवा ब्रेक पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलतात. गेज लावून, 'सहा शिल्लक आहेत, पुढच्या सर्व्हिसला बघू,' असं सांगणाऱ्या माणसाने हातचं काम सोडलेलं असतं. मग तोच जेव्हा ब्रेक फ्लुइड बदलायला सांगतो, तेव्हा मी घासाघीस करत नाही. ते द्रव हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरला तरी मानकात बसतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की द्रवात वाफ होते आणि पेडल खाली जातं. इंजिन चालूच असतं, गाडी पळतच असते, म्हणून हे काम हमखास मागे पडतं. ते आपणहून आठवण करून देणारा मेकॅनिक सांभाळून ठेवण्यासारखा आहे.

वॉरंटीची भीतीही पुष्कळदा अवाजवी असते. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, कंपनी सर्व्हिस फुकट देत नसेल तर 'ती आमच्याकडेच करा' अशी अट तिला वॉरंटीला घालता येत नाही. सगळीकडे नियम सारखे नाहीत, तेव्हा आपली वॉरंटी पुस्तिका वाचा. आणि बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, बदललेल्या पार्टचे नंबर लिहून घ्या. 'जनरल सर्व्हिस' एवढंच लिहिलेलं बिल उद्या दावा करताना काहीच सिद्ध करत नाही.

रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं), एअरबॅग, किल्लीचं कोडिंग यांसाठी कंपनीकडे जा. चांगला गॅरेजवालाही तेच सांगेल. कंपनीत कुणी 'आलाच आहात तर फुल सर्व्हिस करून घ्या' म्हणालं, तर शेवटची सर्व्हिस कधी आणि काय झाली ते तुमच्या बिलावर लिहिलेलं असेलच.