आमच्या निवांत अष्टविनायक ट्रिपला मिळालेल्या १ स्टारबद्दल

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला, रात्री वाचला आणि मुद्दाम सकाळी उत्तर देतेय, कारण रात्रीच लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, ताईंनी आई-बाबांना आमच्याबरोबर ३ दिवसांच्या अष्टविनायकला पाठवलं होतं आणि त्यांचं म्हणणं असं की बस उशिरा सुटली, जेवण आश्रमासारखं होतं, क्रम शास्त्रोक्त नव्हता, सगळे २ दिवसात करतात ते आम्ही पैसे काढायला ३ दिवस ताणतो, हॉटेलची लिफ्ट बंद होती, आई बाथरूममध्ये घसरल्या आणि लेण्याद्रीला बाबांना सगळ्यांसमोर खाली बसवून ठेवलं.

सगळ्यात आधी आईंचं. ते १०० टक्के आमचं चुकलं. रांजणगावजवळच्या त्या हॉटेलला आम्ही बुकिंग करताना ग्राउंड फ्लोअर सांगितलं होतं, त्यांनी आयत्या वेळी दुसरा मजला दिला, लिफ्ट त्याच दिवशी बंद पडलेली, आणि बसबरोबर असलेल्या आमच्या पोराने रात्रीचे ८ वाजलेत, सगळे दमलेत म्हणून ते चालवून घेतलं. तिथे माझं बोलणं आहे त्याच्याशी, पण मूळ चूक माझी, मी आदल्या दिवशी हॉटेलला फोनच केला नाही. दिवसभर बसमध्ये बसून गुडघे आखडलेल्या माणसाला ४० पायऱ्या चढवायच्या आणि वर अनोळखी बाथरूम, गुळगुळीत टाइल्स, दिव्याचं बटण दाराबाहेर, पाय घसरणारच. देवाच्या कृपेने निभावलं. आता निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः फोन करून रूम नंबर लिहून घेते, बाथरूमसाठी रबरी मॅट आम्हीच बसमध्ये ठेवल्यात, आणि प्रत्येक रूममध्ये लावायला छोटा नाइट लॅम्प. त्या रात्रीचे दोघांचे मुक्कामाचे पैसे परत करतेय, ते तुम्ही मागितले नव्हते तरी.

बस ४० मिनिटं उशिरा सुटली हेही खरं. पुण्यात दशभुजा गणपतीपाशी सगळे चढले आणि एका आजींना आठवलं की गोळ्यांचा डबा फ्रिजवर राहिला. गाडी परत त्यांच्या घरी नेली, पुढच्या वेळीही नेईन. गोळी एक दिवस चुकली तर काय होतंय असं आपल्याला वाटतं, पण बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची गोळी ३ दिवस नाही म्हणजे पुढची सगळी ट्रिप जीव मुठीत धरून. जेवणाचं म्हणाल तर मीठ-तेल बेताचंच असतं, ज्यांना पाहिजे त्यांना ठेचा वेगळा मिळतो, बाबांनी दोनदा मागून घेतलाय.

आता ३ दिवसांचं. शास्त्रोक्त क्रम मला माहितीये ताई, मोरगावपासून सुरू, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि परत मोरगाव. पण नकाशा उघडून बघा एकदा, सिद्धटेक पार भीमेकाठी, नगरकडच्या कर्जत तालुक्यात आणि त्यानंतर थेट घाट उतरून रायगडात पाली, मग परत घाट चढून थेऊर, हे तरुण माणसाच्याही कमरेचा भुगा करणारं काम आहे. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी थेऊर, मोरगाव, सिद्धटेक घेतो, दुसऱ्या दिवशी रांजणगाव आणि ओझर, तिसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री आणि मग महड, पाली करून घरी. २ दिवसात होतं की, का नाही होणार, मी स्वतः अशा ट्रिपा काढल्यात आधी. पहाटे ५ ला निघायचं, रात्री ११ ला टेकायचं, आणि मधे चहाला थांबलं की १० मिनिटात शिट्टी. त्यात काय होतं सांगते, म्हातारी माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गाडी थांबेल का, संडास स्वच्छ असेल का, माझ्यामुळे सगळ्यांना उशीर नको, म्हणून घोटभर पाणी पिऊन बसून राहतात, काहीजण तर लघवीची गोळीच घेत नाहीत त्या दिवशी. मग दुपारी उन्हात रांगेत उभं राहिलं की चक्कर. आणि ४-५ तास पाय खाली लोंबकळत ठेवून बसलं की घोट्यापाशी सूज येते, कधी कधी पायात रक्ताची गुठळीही होऊ शकते, म्हणून आम्ही दीड-दोन तासाला थांबतोच, कुणाला लागलेली असो वा नसो, सगळ्यांनी खाली उतरायचं आणि चार पावलं चालायचं. बसची पहिली पायरी उंच असते म्हणून लाकडी पाट ठेवतो. इन्सुलिन असेल तर डिकीत अजिबात नाही, उन्हात डिकी तापते आणि औषध वाया जातं, ते हातातल्या पिशवीतच. या सगळ्याला तिसरा दिवस लागतो.

तुम्ही म्हणालात एसटीने गेले असते तर फुकट झालं असतं. बरोबरच आहे. २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, माझ्या सासूबाई त्यावरच माहेरी जाऊन येतात. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर जावं, मी कशाला अडवू.

आणि आता बाबा. लेण्याद्रीला ३०० च्या आसपास पायऱ्या आहेत, आठांमधला हा एकच गणपती असा डोंगरात, लेण्यांमध्ये आहे. म्हणूनच आम्ही ओझरला मुक्काम करून तिथे ऊन चढायच्या आत जातो. पायथ्याशी सगळ्यांना १० मिनिटं बसवतो, ज्यांच्या फॉर्मवर तशी नोंद आहे त्यांचं बीपी बघतो आणि मग ठरतं की पायी, डोली की खाली. डोलीला बाबा नाही म्हणाले, मी काय आजारी आहे का म्हणाले. त्यांना त्या दिवशी चढू का दिलं नाही त्याचं कारण मी इथे चारचौघांत लिहिणार नाही, ते आमचे प्रवासी आहेत. फॉर्म तुम्हीच भरलाय ताई, फोनवर बोलू आपण. पण हे सांगते की परत तसाच दिवस आला तर परत थांबवेन, भले आणखी १ स्टार मिळो. वर काही झालं तर खाली आणायचं कसं, तेही पायऱ्यांनीच ना, आणि वरती माकडं पिशव्या ओढत असतात ते वेगळंच.

चुकलं ते आमचं बोलणं. आमचा पोरगा २४ वर्षांचा, मनाने चांगला, पण सगळ्या ग्रुपसमोर मोठ्याने आजोबा तुम्हाला नाही झेपणार म्हणाला. ज्या माणसाने ४० वर्षं नोकरीत लोकांना कामं सांगितली त्याला असं ऐकवायचं? बाबांनी मला परतल्यावर फोन केला तेव्हा दर्शन हुकल्याचं एका वाक्यात बोलले आणि या वाक्यावर १५ मिनिटं. आणि खाली दीड तास ते ड्रायव्हरबरोबर एकटेच बसले, तेही चूक. आता लेण्याद्रीबद्दल आम्ही आदल्या रात्री ओझरलाच, एकेकाच्या खोलीत जाऊन बोलतो, डोलीवाल्याला आधी सांगून ठेवतो, आणि कुणी खाली थांबलं तर आमच्यातला एक माणूस त्यांच्याबरोबर थांबतो, दोन माणसं पाठवतोय आता बसबरोबर.

बाबांना म्हणावं जानेवारीत लेण्याद्री-ओझर एका दिवसाची गाडी काढतेय, त्यांच्या दोन सीट धरून ठेवल्यात, पैसे नकोत, फक्त डोलीत बसायचं कबूल करायचं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायची. आईंची निळ्या झाकणाची स्टीलची बाटली आमच्याकडे राहिलीये, ऑफिसात ठेवलीये, येता-जाता घेऊन जा.