‘आधी ऑर्डर बाय, मग ग्रुप बाय’ : खुलासा

‘प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर हवी? सबक्वेरीत तारखेने उलटं ऑर्डर बाय लावा, बाहेर ग्राहकावर ग्रुप बाय करा, झालं!’ मायएसक्यूएल या डेटाबेससाठीचा हा सल्ला बराच फिरतोय. (ऑर्डर बाय म्हणजे रो, म्हणजेच टेबलातल्या ओळी, क्रमाने लावणं; ग्रुप बाय म्हणजे त्यांचे गट करून गटामागे एक रो देणं; सबक्वेरी म्हणजे क्वेरीच्या आतली क्वेरी.) तो चुकीचा आहे.

ग्रुप बायमध्ये नसलेल्या कॉलमसाठी गटातली कुठली रो घ्यायची, हे सर्व्हर ठरवतो. आतल्या क्रमाशी तो बांधील नाही. समजा, ७ नंबरच्या ग्राहकाच्या दोन ऑर्डरी आहेत: ३ मार्चला ४५० रुपये, १८ मार्चला १२०० रुपये. बाहेर तारखेला मॅक्स (सर्वात मोठी किंमत) लावलं तर तारीख १८ मार्च येईल, पण शेजारी रक्कम ४५० दिसू शकते. अशी ऑर्डर कुणी दिलेलीच नाही! एररही येत नाही, हीच खरी पंचाईत. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून डीफॉल्ट सेटिंग अशी क्वेरी अडवतं. लोक मात्र ते सेटिंगच बंद करून टाकतात.

योग्य मार्ग असा: ८.० आवृत्तीपासून रो_नंबर आहे, तो प्रत्येक गटातल्या रोंना क्रमांक देतो: पार्टिशन बाय (गट पाडणं) ग्राहक, ऑर्डर बाय तारीख डेस्क (उतरता क्रम), आयडी डेस्क, आणि बाहेर फक्त १ नंबरची रो. आयडी गाळू नका. एकाच तारखेच्या दोन ऑर्डरी असल्या की त्याच्याशिवाय निकाल डळमळतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांना डिस्टिंक्ट ऑन पुरतं, ते प्रत्येक गटातली पहिली रो देतं.