कार्ड भंगारात देण्याआधी आयआरक्यू बघा

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय: जुन्या पीसीच्या आयएसए स्लॉटमध्ये बसणारी एनई२००० जातीची नेटवर्क कार्डं भंगारात द्या, कारण त्यांना टीसीपी/आयपी (इंटरनेटवर डेटा पाठवायचे नियम) कळत नाही, गिगाबिट राउटर त्यांना दाद देत नाही आणि डॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) आयपी पत्ता मिळायची सोयच नाही. असं वाचून लोक धडधाकट कार्डं मोडीत काढताहेत, म्हणून हे लिहितोय.

टीसीपी/आयपी त्या कार्डाला कळत नाही, हे खरंच. पण कळायची गरजच नाही. कार्डाने इथरनेटची फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, तारेवर टाकायची आणि तारेवरून उचलायची, एवढंच. आयपी सांभाळतं सॉफ्टवेअर.

गिगाबिटचं म्हणाल तर १० एमबीपीएसचं कार्ड साधे लिंक पल्स (‘मी जोडलेलो आहे’ असं सांगणारे ठोके) पाठवतं. समोरचा पोर्ट ते ओळखून आपोआप १० वर, हाफ डुप्लेक्समध्ये (एका वेळी एकतर पाठवणं, नाहीतर घेणं) उतरतो. तो पोर्ट हट्टाने फुल डुप्लेक्सवर (दोन्ही एकाच वेळी) बांधून ठेवू नका, नाहीतर टकरी होऊन वेग पार कोसळतो. २.५ गिगाबिटचे आणि त्यापुढचे काही पोर्ट १० पर्यंत उतरत नाहीत. तिथे मध्ये जुना १०/१०० स्विच लावला की भागतं.

आता डॉस. लोक खरे अडकतात ते इथे, आणि दोष कार्डावर ढकलतात. आधी पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि नेटवर्कचे प्रोग्रॅम यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम, चढवायचा. त्याला तीन आकडे द्यायचे: सॉफ्टवेअर इंटरप्ट (प्रोग्रॅम ड्रायव्हरला ज्या आकड्याने हाक मारतात तो, बहुधा हेक्स ६०), कार्डाचा आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला ज्या ओळीवरून हाक मारतं तिचा क्रमांक) आणि आयओ पत्ता (प्रोसेसर कार्डाशी जिथे बोलतो तो, बहुधा हेक्स ३००). मग मायकेल ब्रुटमन यांच्या एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रॅमांच्या संचातला डीएचसीपी प्रोग्रॅम चालवायचा. तो राउटरकडून पत्ता, नेटमास्क, गेटवे घेतो आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्वतःच लिहून ठेवतो. हा संच पहिल्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरवरसुद्धा चालतो!

माझं कार्ड दोन संध्याकाळी गप्प होतं. ड्रायव्हर चढला, मॅक पत्ताही (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला, पण डीएचसीपी दर वेळी वाट बघून थकायचा. मॅक पत्ता दिसतो म्हणजे आयओ पत्ता बरोबर. तरीही पॅकेट येत नाही म्हणजे संशय आयआरक्यूवर घ्यायचा. कार्ड ३ वर होतं, आणि ३ ही कॉम२ची, म्हणजे दुसऱ्या सिरीयल पोर्टची, जागा. कार्डावरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) १० वर नेला, बायोसमध्ये तो आयआरक्यू ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवला, ड्रायव्हरला नवा आकडा दिला. पुढच्याच खेपेला पत्ता मिळाला.

आजच्या बहुतेक वेबसाइट या मशीनवर उघडणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्याला कारण एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन. तो भार प्रोसेसरचा आणि ब्राउझरचा, कार्डाचा नव्हे. घरातल्या घरात एफटीपीने फायली हलवायला हे कार्ड उत्तम आहे. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून तो घराबाहेर मात्र वापरू नका.