दोन आया, एक गीझर आणि नाताळची सुट्टी

नोव्हेंबरात कधीतरी नवरा म्हणाला, यंदा नाताळात सगळ्यांना आपल्याकडेच बोलावू या ना, मुलांना पण सुट्टी आहे. मी मोबाईलमध्ये होते, हं म्हटलं. लग्नाला १४ वर्षं झाली तरी न ऐकता हं म्हणायची सवय काही जात नाही.

झालं. २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत माझे आईबाबा, सासूसासरे, धाकटा दीर, जाऊ, त्यांची दोन कार्टी आणि आम्ही तिघं असे ११ जण घरात होतो, आणि रात्री नवऱ्याचा शाळेतला मित्र बायकोला घेऊन 'दोनच दिवस हां वहिनी' म्हणत आला तेव्हा १३. बाथरूम एक. म्हणजे आहेत दोन, पण दुसऱ्यात गीझर नाही, आणि थंडीत गीझर नसलेल्या बाथरूमला आमच्याकडे कुणी बाथरूम धरत नाही.

पहिला घोळ हाकेचाच. मी माझ्या आईला आई म्हणते आणि सासूबाईंनाही आईच म्हणते. एरवी दोघी वेगवेगळ्या घरात असतात त्यामुळे १४ वर्षं निभावलं. आता मी किचनमधून आई अशी हाक मारली की दोघी हातातलं टाकून धावत यायच्या, मग दारात एकमेकींना बघून 'तुम्हाला बोलावतेय' 'छे छे, तुम्हालाच' असं सुरू, आणि तोवर दूध उतू गेलेलं असायचं. नवरा म्हणाला, नंबर देऊ या का, आई १ आणि आई २. मी म्हटलं, १ कोण हे तू जाऊन सांग. तो लगेच गाडी धुवायला गेला. (त्या आठवड्यात आमची गाडी चार वेळा धुतली गेली.)

लोकांना वाटतं सासर माहेर एका छपराखाली आलं की भांडणं होणार. अहो भांडणं परवडली, भांडण एकदा होतं आणि संपतं. आमच्याकडे सगळे एकमेकांशी इतके चांगले वागत होते की माझं डोकं दुखायला लागलं. झोपायचंच बघा. आतल्या खोलीत पलंग एक, विहिणी दोन. आई म्हणाली मला खालीच झोप लागते. सासूबाई म्हणाल्या माझी तर पाठच खाली टेकली की बरी वाटते. अर्धा तास दोघी आपापल्या पाठीची कौतुकं सांगत होत्या, शेवटी दोघी गाद्या घालून खाली झोपल्या आणि पलंग रिकामा राहिला म्हणून त्यावर मित्र झोपला, तोही आडवा. त्यात सासूबाईंना भर थंडीतसुद्धा पंखा लागतो आणि आईला वारं सोसत नाही. तर रात्री आई उठून 'त्यांना उकडत असेल' म्हणून पंखा लावणार, तासाभराने सासूबाई उठून 'त्यांना गार लागत असेल' म्हणून बंद करणार. सकाळी दोघींचे डोळे लाल, आणि विचारलं तर छान झोप झाली.

सासऱ्यांना इतिहासाची भारी आवड. त्यांनी पहिल्याच सकाळी चहाच्या वेळी पहिलं महायुद्ध काढलं. १९१४ च्या नाताळात म्हणे ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकातून बाहेर आले, सिगरेटी दिल्या घेतल्या, गाणी म्हटली, काही ठिकाणी फुटबॉलही खेळले. मग वरच्या अधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी असलं काही होऊ नये म्हणून हुकूम काढले. मी कपबशा विसळत विचार करत होते की त्या अधिकाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नसावा. शिवाय त्या सैनिकांना १३ जणांचा चहा करायचा नव्हता, त्यात दोन बिनसाखरेचे, एक कमी साखरेचा आणि एक 'मला कसाही चालेल'. हा कसाही चालेलवाला सगळ्यात डेंजर असतो, त्याला कसाच चालत नाही.

खरी मजा माळेवर झाली. ट्रीची दिव्यांची जुनी माळ माळ्यावरून काढली तर पेटेना. माझे बाबा रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर, त्यांच्या चेहऱ्यावर आल्या दिवसापासून पहिल्यांदा तेज आलं. सीरिजमधली माळ आहे, एक दिवा गेला की करंटचा रस्ताच तुटतो, म्हणून सगळे विझतात, एवढं सांगून त्यांनी एकेक दिवा काढून बघायला घेतला. शेजारी सासरे बसले. त्यांच्याकडे स्क्रू ड्रायव्हर नव्हता पण माहिती होती, की ट्रीवर विजेचे दिवे पहिल्यांदा न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली लागले, एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सनने लावले, ८० दिवे होते, लाल पांढरे निळे. बाबा म्हणाले, ते पेटत होते ना? बस मग. दोघं व्याही दुपारभर त्या माळेत गुंतले, जेवायला पाच हाका मारल्या तरी उठले नाहीत, आणि संध्याकाळी जावेच्या धाकट्याने येऊन सॉकेटचं बटण खाली केलं. पेटली. कुणी काही बोललं नाही. बाबा म्हणाले, तरी पण एक दिवा लूज होताच.

सीक्रेट सँटाची आयडिया जावेची. चिठ्ठ्या टाकल्या, कुणी कुणाला सांगायचं नाही. रात्रीपर्यंत १३ पैकी ९ जण मला एकेकटं गाठून, कानात आपलं नाव फोडून, काय देऊ विचारून गेले. फक्त सासरे गप्प. २५ ला कळलं की त्यांना स्वतःचंच नाव आलं होतं. ते मुकाट्याने जाऊन वाचायचा एक मस्त दिवा घेऊन आले, कागदात गुंडाळला, आणि सगळ्यांसमोर उघडून 'अरे वा, कुणाला बरं सुचलं हे' म्हणाले. अख्ख्या घरात मनासारखं गिफ्ट मिळालेला तो एकमेव माणूस.

तर दोन दिवसांचा मित्र पाचव्या दिवशी गेला. एक तारखेला बाकीचे निघणार, बॅगा भरलेल्या, मी मनातल्या मनात चादरी धुवायला टाकल्या होत्या. तेवढ्यात माझा मुलगा, जो आठ दिवस आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसला होता, म्हणाला की आजी, नाताळ १२ दिवसांचा असतो, ६ जानेवारीपर्यंत. आणि रशियात तर तिथलं चर्च जुनं कॅलेंडर धरतं, ते १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला. सासऱ्यांनी मान डोलावली, बरोबर.

सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, तुम्ही थांबणार असाल तर मी थांबते. आई म्हणाली, छे हो, तुम्ही थांबणार असाल तरच मी थांबेन. आणि नवरा, ज्याला या घरात आजवर एकही फॉर्म धड भरता आलेला नाही, त्याने दोन मिनिटांत चारही तिकिटं पुढे ढकलून दाखवली.

मी किचनच्या ओट्याला टेकून नुसतं 'आई गं' म्हटलं.

दोघी धावत आल्या.