टांग टाकण्यापूर्वी

मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला, फ्लॅटचा शेवटचा हप्ता गेला आणि परवा सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या बुलेटची धडधड ऐकून तुमच्या छातीत काहीतरी हललं. पन्नाशीतले बहुतेक पुरुष अशा वेळी डॉक्टरकडे जातात. तुम्ही शोरूममध्ये जा. ईसीजीपेक्षा खर्च जास्त होतो, पण फोटो चांगले येतात.

आत शिरल्या शिरल्या काउंटरवरच्या पोराला सांगून टाका, "आमच्याकडे आरएक्स होती." यामाहाची ही आरएक्स हंड्रेड १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली, हा पोरगा त्यानंतर जन्मलेला. तरी तो "काय सांगता सर!" म्हणेल, कारण रोज कोणीतरी काका येऊन त्याला हेच ऐकवतो आणि शांतपणे ऐकून घेतलं की गाडी खपते, हे त्याला ठाऊक आहे. ती आरएक्स मावसभावाची होती आणि तुमच्या हाती फक्त पेट्रोल भरून आणण्यापुरती यायची, एवढ्या तपशिलात शिरायचं कारण नाही.

गणितातही शिरू नका. शिरलातच, तर आरएक्स ९८ सीसीची, ताकद अकरा बीएचपी, वजन शंभरेक किलो. रॉयल एनफिल्डची आजची क्लासिक ३४९ सीसीची, वीस बीएचपी, १९५ किलो. म्हणजे ताकद दुप्पट, वजनही दुप्पट, हिशेब बरोबरीत सुटला. दोन्ही गाड्यांवर बसलेल्या माणसाचं वजन या हिशेबात धरायची पद्धत नाही.

घरी विषय काढताना मात्र आकडे लागतात. सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, हे सांगा. बाईक विकत घेतोय असं म्हणायचंच नाही, दहा टक्के वाचवतोय असं म्हणायचं. त्यावर, "अहो, गुडघा दुखतो म्हणून सत्यनारायणाला तुम्ही पाटावर बसत नाही. त्या गाडीवर टांग कशी टाकणार?" असा प्रश्न येईल. याला उत्तर नाही. ऐकू आलं नाही असं दाखवा आणि दसऱ्याचं बुकिंग करून टाका. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, हे सगळं एकदा पार पडलं की बायकोसुद्धा फोटोत हसते.

आता एक धोका. मित्रमंडळींत एखादा शहाणा निघतोच. तो म्हणेल, "रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात तासभर फिरवून घे. हळू वेगात आठ काढ, ब्रेक मारून बघ." या माणसाशी संबंध कमी करा. अडीच लाख मोजले ते आठ काढायला? मैदानात शिकायचं ते कॉलेजच्या पोरींनी, मागे बाबा पळताहेत अशा अवस्थेत. आणि नेमकं आपल्याच सोसायटीतलं कोणी तिथे चालायला आलं म्हणजे? तुम्हाला गाडी येते. वीस-बावीस वर्षं चालवली नाही म्हणून काय झालं, पोहायला आलेलं कोणी विसरतं का? (पन्नाशीत विहिरीत उडी मारलेल्यांना हे विचारू नये.)

तर थेट रस्त्यावर उतरा. बटण दाबून गाडी सुरू करा, ऐटीत पहिला गिअर टाका. इंजिन बंद. पुन्हा बटण, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. या वेळी चोक शोधायला खाली वाका; चोक नाही. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला टाकायला टाकीखाली हात घाला; कॉकही नाही. किक तर नाहीच. "नव्या गाड्यांत काही दम नाही" असं मोठ्याने म्हणा. एवढ्यात शेजारून स्कूटीवरची मुलगी ओरडून जाते, "काका, स्टँड!" साइड स्टँड खाली असताना गिअर पडला की इंजिन आपोआप बंद व्हावं अशी सोय गाडीतच आहे. ती तुमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे, पण 'काका' म्हणायची गरज नव्हती.

पुढे गिअरचा खेळ. हीरो होंडाच्या सीडी हंड्रेडला आणि जुन्या स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबूनच पडायचे. तुमच्या डाव्या पायाच्या चवड्याने तेवढं एक ज्ञान निष्ठेने जपून ठेवलंय. नव्या गाडीला पहिला खाली आणि बाकीचे वर. त्यामुळे तिसऱ्यात छान चाललेली असताना चौथा टाकायला म्हणून तुम्ही चवडा दाबता आणि पडतो दुसरा. गाडी बोंबलते, मागे ओढल्यासारखी अडखळते आणि मागच्या सीटवरच्या सौभाग्यवतींचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टाक्‌कन आपटतं. जुन्या बुलेटवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. ते गिअर समजून ब्रेक दाबतात, ब्रेक समजून गिअर, आणि वर "पूर्वीच्या गाड्यांची बातच और" असंही म्हणतात.

इतक्यात समोरून येणारा कोणीतरी पंजाची उघडझाप करेल: दिवा चालू आहे. भर दुपारी दिवा! तुम्ही लाजाल आणि स्विच शोधाल. एप्रिल २०१७ पासून दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, बंद करायला बटणच दिलेलं नाही. पण शोध थांबवू नका. अंगठा हॉर्नवरून इंडिकेटरवर, तिकडून अप्परवर आणि शेवटी उजव्या हाताच्या स्विचवर पोचला की पुण्यात कर्वे रस्त्याच्या मधोमध दिवा नाही, इंजिन बंद होतं. मागच्या पीएमपी बसचा ड्रायव्हर तुम्हाला पुढचं मार्गदर्शन करील, अस्सल मराठीत.

ब्रेकचं तुमचं तत्त्व पक्कं आहे: पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो. ज्या काळात पुढे ड्रम ब्रेक होता, तो दाबून गाडी जेमतेम विचारात पडायची, त्या काळातही तुम्ही हेच म्हणायचा. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो, हे भौतिकशास्त्र झालं आणि त्यात तुम्हाला पस्तीसच होते. तुम्ही मागचाच दाबा, जोरात. आता १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, आणि ते मागच्या चाकालाही असेल तर चाक लॉक होण्याऐवजी पेडल पायाखाली थडथडेल. घाबरू नका, गाडीत बिघाड आहे असं समजून सर्व्हिस सेंटरला न्या आणि तिथल्या मेकॅनिकला तुमची आरएक्स कशी होती ते सांगा.

चष्म्याचंही सांगायला हवं. आधी चष्मा काढायचा, मग हेल्मेट घालायचं, मग काड्या गालाच्या गादीतून आत सरकवायच्या. तुम्ही मात्र चष्म्यासकट डोकं घाला. एक काडी कानावर आणि एक कानात जाईल. चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर उत्तमच. त्याचा खालचा भाग वाचनाचा असल्याने गाडीपुढचा खड्डा नेमका धूसर दिसतो आणि पुण्यात तेवढीच काय ती मनःशांती. हेल्मेट मात्र घाटातच घाला. दूध आणायला जाताना ते आरशाला लटकलेलं बरं. १ जानेवारी २०१९ ला पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कारवाई जोरात सुरू केली, तेव्हा इथे मोर्चे निघाले होते. त्या परंपरेचा मान राखायला फक्त दंड भरावा लागतो. तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं ते वेगळं. तसंही त्याची मुदत कधीच संपलीय का ते तुम्ही पाहिलेलं नाही. संपून वर्ष उलटलं असेल तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. त्या चाचणीत काय काढायला सांगतात, ते त्या शहाण्या मित्राला विचारू नका.

खरी मजा पार्किंगमध्ये आहे. वेगात गाडी कोणालाही सांभाळते. माणूस कळतो तो गाडी थांबलेली असताना. सोसायटीच्या तळघरात उताराकडे तोंड करून ती लावा. सकाळी सीटवर बसूनच, पायांनी रेटत, मागे काढायचा प्रयत्न करा. सीट जमिनीपासून ८०५ मिलीमीटरवर. चवडे टेकतात, टाचा नाही. गाडी वीतभर मागे येते, तेवढीच पुढे जाते. मग हँडल वळलेलं असताना तुम्ही पुढचा ब्रेक दाबता आणि डावा पाय टेकवता, तिथे नेमकी पाणी जायला केलेली पन्हळ असते. जमीन अपेक्षेपेक्षा दोन बोटं खाली. गाडी कलते. काही अंशांपर्यंत ती तुमची असते, त्यापुढे पृथ्वीची. ती घाईही करत नाही. सावकाश, तुम्हाला विचार करायला भरपूर वेळ देत, लेग गार्डवर टेकते आणि हँडल न सोडल्यामुळे तुम्हीही तिच्या शेजारी मांडी घालून बसता. पाटावर जे जमत नव्हतं ते जमलं.

आता उचला. उचलण्याची एक रीत आहे. गाडीकडे पाठ करून तिला टेकून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटमागची दांडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभं राहायचं. ही वापरू नका, फारच शिकल्यासारखं दिसतं. कमरेतून वाका, श्वास रोखा, हिसका द्या. वॉचमन धावत येईल. "कचरा साफ करत होतो" असं काहीतरी त्याला सांगा. हाडांचे डॉक्टर बहुधा तुमच्याच रायडिंग ग्रुपात असतील, त्यामुळे अपॉइंटमेंट लगेच मिळेल.

ग्रुपात मात्र जायलाच हवं. पहाटे सहाला चांदणी चौक. मे महिन्यात खांद्या-कोपरांना कवच लावलेलं जॅकेट, गुडघ्यांना गार्ड (खाली आणखी एक, मेडिकलमधून आणलेलं), हेल्मेटवर कॅमेरा, दोन्ही बाजूंना पेट्रोलचे डबे. एवढ्या तयारीने ताम्हिणीच्या अलीकडेच मिसळ खायची, इंजिन ऑइल आणि कोलेस्टेरॉल यांवर चर्चा करायची आणि ऊन चढायच्या आत घरी. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, याबद्दल मनापासून हळहळायचं. नंतर चित्रफीत बघितली की तासभर समोरच्याच्या पाठीचं दर्शन होतं.

मग लडाख ठरेल. तिथे तुमच्या वयाचा खरा सन्मान होतो. खार्दुंग ला वरच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजलं तर ती खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. आठशे फूट वाढवून सांगणारी खिंड तुमच्या आरएक्सवर विश्वास ठेवायला कमी करणार नाही. लेहला उतरल्यावर दोन दिवस आराम करा असं सगळे सांगतात. तुम्ही दुसऱ्याच सकाळी निघा, बाकीच्यांना वाट दाखवायला कोणीतरी लागतं.

लडाख बहुतेक होत नाही, हेही सांगून ठेवतो. पावसाळ्यात गाडीवर कव्हर पडतं, त्यावर मांजर झोपतं, दिवाळीच्या सफाईत विषय निघतो. तेव्हा जाहिरात टाका: 'एक हाती वापर, शोरूम कंडिशन, घाटात चालवलेली नाही.' ओरखडा आलेली लेग गार्डची बाजू भिंतीकडे करून फोटो काढा. रविवारी जो गिऱ्हाईक येईल तो तुमच्याच वयाचा असेल. मुलगी पुण्याबाहेर नोकरीला, हप्ते फिटलेले. गाडीभोवती दोनदा फिरेल, टाकीवर हात ठेवेल आणि आपल्याकडे पूर्वी कोणती गाडी होती ते सांगायला लागेल. ऐकून घ्या. मग जरा आवाज खाली आणून तो विचारेल, "जड नाही ना हो फार?"

"छे! एकदा चालायला लागली की जाणवतसुद्धा नाही," असं म्हणा आणि किल्ली त्याच्या हातात द्या.