खुलासा: पिवळी ज्योत म्हणजे दाब कमी नव्हे

बिअर बनवताना माल्टचं पाणी उकळायच्या बर्नरची ज्योत पिवळी पडली, भांड्याला काजळी धरली, की ‘रेग्युलेटर वाढवा, नाहीतर जेटचं (गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या तोटीचं) भोक मोठं करा’ असा सल्ला फिरतोय. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. पिवळी ज्योत म्हणजे गॅसच्या मानाने हवा अपुरी. गॅस वाढवला तर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात.

गॅस बंद करून बर्नर थंड होऊ द्या. मिश्रणनळीत (गॅस आणि हवा मिसळते त्या नळीत) कोळ्याचं जाळं असलं (फार वेळा हेच कारण निघतं), तर ते ब्रशने काढा. मग बर्नर पुन्हा पेटवून हवेची झडप ज्योत निळी होईपर्यंत उघडा. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊ लागली तर झडप किंचित मिटा. जेटमध्ये तार किंवा ड्रिल घालू नका. नैसर्गिक वायूचं जेट एलपीजीला मोठं पडतं, ते बदलाच. शेवटी बर्नर विझवून, गॅसचा पुरवठा चालू ठेवून सांध्यांना साबणपाणी लावून गळती तपासा.