रोझरी आधी चारचौघांत का शिकावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया कडक आहे, आणि ती तशी असल्याचा मला आनंद आहे. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रोझरी, म्हणजे माळेचे मणी सरकवत म्हणायची मारियेची प्रार्थना, नव्याने शिकायची असेल तर आधी इतरांसोबत म्हणा, एकट्याने म्हणणं नंतर. त्यावर तुमचं म्हणणं असं : लहानपणी वसईच्या घरी रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसवून जी रोझरी म्हणवून घेतली, ती नुसती घाई होती. येशूने तर खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आणि त्याच त्याच शब्दांची बडबड नको म्हणाला. शिवाय तुम्ही पुण्यात एकट्या राहता. आई वसईला अजून रोज रोझरी म्हणते, पण तुमच्या आसपास कुणी नाही. मग हा सल्ला कुणासाठी?

घाईबद्दल तुमच्याशी वाद नाही. ती कुठे होते ते मात्र बघा. पुढे बसून रोझरी चालवणारा ‘नमो मारिया’चा, म्हणजे माळेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रार्थनेचा, पहिला भाग म्हणत असतो, तो येशूच्या नावाशी येऊन संपतो, आणि नेमकं तिथेच मागच्यांचं ‘पवित्र मारिये’ सुरू होतं. दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि मधलं नाव गिळलं जातं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर 2002च्या पत्रात हेच लिहिलं : या प्रार्थनेचं गुरुत्वकेंद्र म्हणजे येशूचं नाव, दोन्ही भाग त्यावरच जोडलेले आहेत, आणि भरभर म्हणताना तेच निसटतं. त्याआधी 1974 साली पोप सहावे पॉल यांनी तर सांगून ठेवलं होतं की मनन नसेल तर रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर. तिला शांत लय हवी, जरा रेंगाळणं हवं.

यावर एक जुना उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. जर्मन भाषक प्रदेशात आजही येशूच्या नावानंतर त्या त्या रहस्याचं, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातल्या ज्या प्रसंगाचं मनन चाललंय त्याचं, एक छोटं वाक्य जोडतात : ‘ज्याने आमच्यासाठी क्रूस वाहिला’, ‘जो मेलेल्यांतून उठला’. पंधराव्या शतकात ट्रियरच्या, कार्थुसियन संन्याशांच्या मठातल्या प्रशियाच्या डॉमिनिक यांनी अशी पन्नास वाक्यं पन्नास ‘नमो मारियां’ना जोडली होती. नाव घेतलं की थांबायचं, वाक्य म्हणायचं, मग उत्तर. घाईला जागाच राहत नाही. आपल्याकडे ही रीत नाही, पण ते वाक्य मनात म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

दार लावून प्रार्थना करायचा उपदेश, ताई, लोकांनी पाहावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांच्या संदर्भात आहे. घरच्या चार माणसांच्या रोझरीला प्रेक्षक कुठले? आणि दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, हेही त्याच मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. पुनरावृत्तीचं म्हणाल, तर गेथशेमनी बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असंही मत्तयनेच लिहिलंय.

आता मूळ मुद्दा. लिझ्यूची संत तेरेझा, 24 वर्षांची होऊन 1897 साली वारली आणि 1997 मध्ये चर्चने जिला आचार्यपद (श्रद्धेच्या शिकवणीतल्या गुरूचा मान) दिलं, तिने आपल्या आठवणींत उघड लिहिलंय की एकटीने रोझरी म्हणणं तिला प्रायश्चित्ताचं साधन अंगावर वागवण्यापेक्षा जड जायचं. मन लागत नसे आणि त्याची तिला लाज वाटे. त्याच ठिकाणी ती म्हणते की सगळ्यांबरोबरची प्रार्थना तिला फार आवडते, कारण तिथे मठातल्या भगिनींची उत्कटता तिची उणीव भरून काढते. कार्मेल मठातल्या, आयुष्य प्रार्थनेला दिलेल्या बाईची ही गत. मग दिवसभर काम करून रात्री माळ हातात घेणाऱ्या नवशिक्याने एकट्याने का झगडावं?

एकट्याला सगळं स्वतःच करावं लागतं. दोन्ही भाग म्हणायचे, मणी सरकवायचे, रहस्य डोळ्यांसमोर ठेवायचं आणि भरकटलेलं मनही परत आणायचं. सोबत कुणी असेल तर अर्धा भार त्याच्याकडे जातो, आणि मोकळ्या झालेल्या त्या अर्ध्यात रहस्याकडे बघायला सवड मिळते. वारकऱ्याच्या घरी मुलाला हरिपाठ मोठ्यांत बसून येतो, तशीच ही माळ आपल्याला आली. मयताच्या घरी रोझरीला जमतात तेव्हा हे सर्वांत स्पष्ट दिसतं. घरच्या बाईचा आवाज फुटत नाही, पण ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे शब्द तिच्या वतीने शेजारपाजारचे म्हणत असतात. तिला ती प्रार्थना त्या दिवशी एकटीने झाली असती का?

एकट्याची रोझरी कमी प्रतीची, असं मी कधीच म्हणणार नाही. प्रवासात, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, झोप न येणाऱ्या रात्री तीच कामी येते. पण तेव्हा आत ऐकू येतात ते आधी कानावर पडलेले आवाज. तुमच्या कानात घाईचे आवाज साठले आहेत, म्हणूनच मला वाटतं तुम्हाला नव्या, संथ आवाजांची गरज जास्त आहे. सक्तीचा प्रश्नही यातच सुटतो. सहाव्या पॉल यांनी त्याच 1974च्या पत्रात म्हटलंय की रोझरीबाबत भाविकाला निवांत मोकळेपणा वाटावा, तिच्या स्वतःच्या ओढीने तो तिच्याकडे यावा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा.

आता पुण्याचं. बऱ्याच चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) रोझरी होते, ऑक्टोबरात तर हमखास. मागच्या बाकावर बसा आणि सुरुवातीला फक्त उत्तराचा भाग म्हणा. रहस्यं पाठ नसली तरी चालतं, रोझरी चालवणारा प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा ‘नमो मारियां’च्या गटाआधी, रहस्याचं नाव सांगतोच. कुणाला ओळख द्यायची गरज नाही.

आणि आई आहे ना! रात्री फोनवर एकच दशक म्हणा, चार-पाच मिनिटांचं काम. पहिला भाग आईने म्हणायचा, दुसरा तुम्ही. फोनवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे येशूचं नाव पूर्ण ऐकू येईपर्यंत थांबावंच लागेल, म्हणजे ती जुनी घाई होणार नाही. गुरुवार असेल तर त्या दिवशी म्हणतात त्या प्रकाशाच्या रहस्यांतलं (येशूच्या जाहीर कार्यातल्या प्रसंगांतलं) दुसरं, काना गावचं लग्न, घ्या. ही रहस्यं 2002 मध्ये आली. आईचं प्रार्थनापुस्तक त्याआधीचं असेल तर त्यात ती नसतील, ती तुम्ही त्यांना वाचून दाखवा.